‘नाइस’ म्हणजे मूर्ख? सोसायटीच्या ग्रुपवर पेटलंय

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवापासून धुमसतंय, म्हणून इथे विचारतोय. वरच्या मजल्यावरच्या ताईंनी सोमेश्वरच्या धबधब्याचे फोटो टाकले. पाऊस झालाय, पाणी भरपूर, फोटो खरंच चांगले आलेत. खाली नेहमीची रांग लागली: नाइस, व्हेरी नाइस, नाइस क्लिक, जोडलेले हात, गुलाब. तेवढ्यात एका निवृत्त काकांनी फॉरवर्ड सोडला. ‘नाइस या शब्दाचा खरा अर्थ मूर्ख. इंग्रजांनी जाता जाता आपल्या तोंडी बसवलेला हा छुपा अपमान आहे. जागे व्हा.’ आता ताई रुसल्या आहेत, नाइसवाले गप्प बसलेत आणि काका प्रत्येक पोस्टखाली ‘म्हणजे मूर्ख का?’ असं विचारत हिंडतायत.

फेकाफेकी म्हणून सोडून दिलं असतं, पण जरा शोधलं तर ‘मूर्ख’ हा अर्थ खरंच दिसतोय. जाणकारांनी उजेड पाडावा.

सातपूरचा_फिटर
फॉरवर्डमधलं काही खरं निघालं तर आठवडाभर मिसळ सोडतो.

शब्दवेडी
सोडा मग. अर्धा फॉरवर्ड खरा आहे.

लॅटिनमध्ये ‘नेस्कियुस’ असा शब्द होता. त्यातला ‘ने’ म्हणजे आपलाच ‘न’, आणि ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे. याच ‘स्कीरे’पासून सायन्स आला, कॉन्शन्सही आला. तर नेस्कियुस म्हणजे न जाणणारा, अजाण. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘नीस’ झालं आणि अर्थ अजाणवरून बावळटावर घसरला. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारात आणि कचेऱ्यांत फ्रेंचचा अंमल बसला. त्या काळात जे फ्रेंच शब्द हजारोंनी इंग्रजीत शिरले, त्यांतला हा एक. इंग्रजीत तो साधारण १३०० च्या सुमारास दिसतो, अर्थ सरळ सरळ ‘मूर्ख’. चॉसर हा कवी १४०० मध्ये वारला, त्याच्याकडेही हाच अर्थ सापडतो.

उच्चारही तेव्हा ‘नीस’च्या जवळचा होता. पुढे १५ व्या ते १७ व्या शतकात इंग्रजीतले दीर्घ स्वर जागा सोडून सरकले, त्यात ‘ई’चा ‘आइ’ झाला. ‘टाइम’ आणि ‘वाइफ’ हेही त्याच फेऱ्यातले.

आता फॉरवर्डचा खोटा अर्धा भाग. इंग्रज भारतात राज्य करायला लागले तोवर या शब्दातला मूर्ख कधीच मागे पडला होता. जो अर्थ त्यांच्याच डोक्यात उरला नव्हता, त्यातून ते आपला अपमान कसा करणार?

सातपूरचा_फिटर
अर्धंच खरं आहे ना. मग अर्धी मिसळ खातो.

कॉलेजरोडची_कार्टी
पण मूर्खाचा छान झाला कसा? मधे काहीतरी झालं असेल ना. एकदम उडी कशी मारली?

शब्दवेडी
उडी नाही, पायऱ्या आहेत. पण त्या एका रांगेत नाहीत, एकमेकींवर चढलेल्या आहेत, हे आधी सांगून ठेवते.

मूर्ख होता तो पुढे ‘चंगीभंगी’ झाला, म्हणजे कपड्यालत्त्यात, वागण्यात उधळ्या. नखरे आले. नखरेवाला माणूस चोखंदळ असतो, त्याला हे चालत नाही, ते लागत नाही. मग नाइस म्हणजे चिकित्सक, नाक मुरडणारा. त्याच सुमाराला ‘लाजरा, मागे राहणारा’ असाही अर्थ होता. चोखंदळाला बारीकसारीक फरक दिसतात, म्हणून १६ व्या शतकात ‘सूक्ष्म, काटेकोर, नाजूक’ हा अर्थ रुजला. नाजूक आणि नेमकं ते चांगलं, असं करत करत १८ व्या शतकात ‘छान, आवडण्याजोगं’वर गाडी आली. ‘स्वभावाने चांगला, दुसऱ्याचा विचार करणारा’ हा अर्थ तर १९ व्या शतकातला, म्हणजे आपण सगळ्यात जास्त वापरतो तोच सगळ्यात लहान भाऊ.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशानेही कबूल केलंय की जुन्या कित्येक वाक्यांत लेखकाला यातलं नेमकं काय म्हणायचं होतं ते सांगणं कठीण आहे. शेक्सपिअरच्या रोमिओ आणि ज्युलिएटमध्ये शेवटी ते न पोचलेलं पत्र आहे ना, त्याबद्दल धर्मगुरू म्हणतो की ते पत्र ‘नाइस’ नव्हतं. आजची पोरं वाचतात की पत्र चांगलं नव्हतं. त्याला म्हणायचंय पत्र किरकोळ नव्हतं, फार महत्त्वाचं होतं. शिकवताना दरवर्षी इथे वर्ग अडतो.

वकील_नाशिकरोड
शब्दवेडीताईंच्या ‘सूक्ष्म’ अर्थाला माझी साक्ष. तो अर्थ मेला वगैरे काही नाही, कोर्टात रोज जिवंत असतो. निकालपत्रांत वाचायला मिळतं की या प्रकरणात कायद्याचा ‘नाइस क्वेश्चन’ उपस्थित झाला आहे. नवीन ज्युनिअर खूश होतो, साहेबांना आपला मुद्दा आवडला म्हणून. साहेबांना म्हणायचं असतं की मुद्दा केसाएवढा बारीक आहे, दोन्ही बाजूंनी बोलता येईल असा आहे. बहुतेकदा असला प्रश्न काढणारा पुढच्या परिच्छेदात हरलेला असतो. ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजेही बारीक भेद, छान भेद नव्हे. ‘नायसिटी’ हे नामही त्यातलंच.

जुना_सर्व्हर
आमच्याकडेही एक नाइस आहे. युनिक्स आणि लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालींत प्रत्येक चालू प्रोसेसला, म्हणजे चालू कामाला, ‘नाइस’ आकडा असतो, उणे २० पासून १९ पर्यंत. आकडा जितका मोठा तितकी ती प्रोसेस भिडस्त, म्हणजे ‘आधी तुमचं होऊ द्या, मग माझं’ म्हणणारी. उणे २० वाली रांगेत घुसून पुढे जाते. आणि आकडा कमी करायचा, म्हणजे जास्त उद्धट व्हायचं, तर साध्या वापरकर्त्याला परवानगी नसते, ॲडमिनच लागतो.

१९ आकडा असलेली प्रोसेस मात्र गर्दीच्या वेळी तिष्ठत बसते. तेव्हा फार नाइस असणं आणि मूर्ख असणं यात काकांना काही दिसलं असेल तर मी त्यांना दोष देणार नाही.

गंगापूररोडकर
हे सगळं ग्रुपवर चिकटवलं. काकांचं उत्तर जसंच्या तसं: ‘म्हणजे मूळ अर्थ मूर्खच होता हे तुमच्या तज्ज्ञांनीही मान्य केलं. मूळ तेच खरं. बाकी सगळा अपभ्रंश.’

अंबडचे_अण्णा
काकांचं म्हणणं मला पटतं. शब्दाचं मूळ म्हणजे त्याचं कूळ. आपल्याकडे व्युत्पत्तीला निरुक्तासारख्या जुन्या ग्रंथापासून मान आहे. उद्या कोणी म्हणेल की अर्थ काय, लोक देतील तो. मग शब्दकोश हवेत कशाला? आणि साधी गोष्ट, आपल्याकडे सुंदर, देखणं, सुरेख, छान, झकास असे इतके शब्द पडून असताना नाइस का लिहायचं?

तपोवनी
अण्णा, दोन वेगळे मुद्दे एकाच पिशवीत टाकलेत. नाइसऐवजी सुरेख लिहा हे मला शंभर टक्के मान्य. फोटो धबधब्याचा असो, बारशाचा असो की नव्या मिक्सरचा असो, खाली नाइसच. ही आळशीपणाची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. पण ‘मूळ तेच खरं’ म्हणाल तर मराठीतच तुमची पंचाईत होईल.

‘राग’ घ्या. संस्कृतात राग म्हणजे रंग, ओढ, आसक्ती. अनुराग मधे अजून तोच आहे. मराठीत राग म्हणजे संताप. मूळ तेच खरं, तर काकूंनी ‘मला तुमचा राग आलाय’ म्हटल्यावर काकांनी लाजावं का? ‘शिक्षा’ म्हणजे शिकवण. हिंदीत अजून शिक्षामंत्री असतात, मराठीत शिक्षा म्हटलं की अंगठे धरून उभं राहणं आठवतं. ‘चेष्टा’ म्हणजे हालचाल, प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. ‘मस्त’ फारसीतून आला, तिथे तो झिंगलेला. माजावर आलेल्या हत्तीला मस्त म्हणतात तो यातलाच. मिसळ मस्त झाली म्हणजे ती दारू पिऊन आली असं नव्हे. ‘जबरदस्त’मधला ‘दस्त’ म्हणजे हात, ज्याचा हात वर तो जबरदस्त. आज तो सिनेमाही असतो.

सातपूरचा_फिटर
मिसळीला यातून बाहेर ठेवा. तिचं माझं आधीच बिनसलंय.

वकील_नाशिकरोड
तपोवनी, तुमच्या यादीत ‘साहस’ घाला. स्मृतिग्रंथांत खटल्यांचे १८ विषय सांगितले आहेत, त्यांत साहस हा एक. म्हणजे बळाने केलेला गुन्हा: मारहाण, लूट, खून. आज पालक पैसे भरून पोरांना साहस शिबिराला धाडतात.

अंबडचे_अण्णा
उदाहरणं चांगली आहेत, पण हे संस्कृतातून मराठीत येताना झालं. भाषा बदलली, अर्थ बदलला, समजू शकतो. इंग्रजी शब्द इंग्रजीतच राहून उलटा झाला याचं काय?

शब्दवेडी
अण्णा, प्रश्न बरोबर आहे. पण मराठीतही एक शब्द आपल्या डोळ्यांदेखत उलटा होतोय. ‘शहाणा’. हा ‘सज्ञान’वरून आला, हिंदीतला ‘सयाना’ त्याचा भाऊ. सज्ञान म्हणजे ज्ञान असलेला. आता कोणी तुम्हाला ‘फार शहाणा आहेस’ म्हटलं तर तुम्ही आभार मानता का? ‘दीडशहाणा’ तर सरळ शिवीच. शब्द तोच, भाषा तीच, आवाज जरा वर गेला की अर्थ उलटा.

आणि गंमत बघा. इंग्रजीत ‘न जाणणारा’ होता तो चांगला झाला. मराठीत ‘जाणणारा’ होता तो टोमणा झाला. दोघे वाटेत समोरासमोर आले असतील.

स्पॅनिशमध्ये मात्र त्याच लॅटिन नेस्कियुसचा ‘नेसिओ’ झाला आणि तो आजही मूर्खच आहे, वर हट्टीसुद्धा. एकाच बापाची दोन मुलं, एक इंग्लंडात जाऊन सुधारला, एक घरीच राहिला. तेव्हा मुळात काही सक्ती नसते. लोक कुठल्या प्रसंगी, कुठल्या सुरात वापरतात त्यावर शब्द वळतो.

वकील_नाशिकरोड
सज्ञान कोर्टात अजून शाबूत आहे. १८ पूर्ण झाले की सज्ञान. शहाणा होतो की नाही ते आम्ही बघत नाही.

कॉलेजरोडची_कार्टी
आमच्यात ‘खतरनाक’ म्हणजे एकदम भारी. ‘भारी’ म्हणजे तरी काय, जड. आणि आई म्हणते, ‘भयंकर गोड दिसतेस.’ हे सगळं उद्या कोणी फॉरवर्ड केलं तर?

तपोवनी
इंग्रजीतही टेरिफिक हा टेररचाच नातलग आहे. आधी धडकी भरवणारा, आता वा वा. त्याच्या शेजारचा टेरिबल मात्र वाईटच राहिला. याला नियम शोधायला जाऊ नका.

एकलहरे_थर्मल
उलट दिशेचंही आहे ना? सिली?

शब्दवेडी
हो, तो नाइसचा उलटा प्रवासी. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप होतं ‘गेसॅलिग’, अर्थ सुखी, भाग्यवान, देवाची कृपा असलेला. जर्मनमध्ये ‘झेलिग’ अजून धन्य अशाच अर्थाचा आहे. कृपा असलेला तो निष्पाप, निष्पाप तो बिचारा, बिचारा तो दुबळा, आणि शेवटी डोक्यानेही दुबळा. १६ व्या शतकात तो मूर्ख होऊन बसला. म्हणजे नाइस मूर्खपणातून बाहेर पडत होता त्या काळात सिली आत शिरत होता.

एकलहरे_थर्मल
क्रिकेटमधला सिली पॉइंट त्यातलाच. फलंदाजाच्या इतकं जवळ उभं राहायचं की शहाण्या माणसाने राहू नये. गोल्फ क्लब मैदानावर टेनिस बॉलने खेळताना मलाच तिथे उभं करायचे, कारण मी सगळ्यात लहान होतो.

पंचवटीतला_प्रवासी
फ्रान्समध्ये नाइस नावाचं शहर आहे ते यातूनच का? म्हणजे मूर्खांचं गाव?

शब्दवेडी
नाही हो. लिहितात सारखं, पण ते वेगळं. त्याचा उच्चार ‘नीस’. ग्रीक वसाहतकऱ्यांनी वसवलेलं गाव, मूळ नाव निकाइया, ‘निके’ म्हणजे विजय. बुटांवरची नायकी तीच देवी. स्पेलिंग जुळलं म्हणून नातं जोडायचं झालं तर आपल्या नाशिकचा ‘नाश’ करून टाकाल.

पंचवटीतला_प्रवासी
त्याचं तर झालंच आहे. कोणी म्हणतं शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नासिक, कोणी म्हणतं नऊ शिखरं म्हणून. मोगलांनी गुलशनाबाद केलं होतं.

लेणीवाला
नावाचा वाद इथे नको, पण एक सांगतो. पांडवलेण्यांतल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर ‘नासिककनं धंभिकगामस दानं’ असा लेख आहे, नासिककरांच्या धंभिक गावाचं दान. दोन हजार वर्षांपूर्वीही आपण नासिककर होतो, एवढं नक्की.

आणि विषय विशेषणांचा निघालाच आहे तर ३ नंबरच्या लेण्यात जाऊन या. गौतमी बलश्रीने नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या, १९ व्या राज्यवर्षी कोरवलेला लेख आहे. आपल्या मुलाबद्दल, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल, एका आईने लिहवलेला. प्राकृतात आहे आणि त्याचा मोठा भाग म्हणजे नुसती विशेषणं. ‘तिसमुदतोयपीतवाहन’, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. ‘खतियदपमानमदन’, क्षत्रियांचा दर्प आणि मान मोडणारा. ‘अविपनमातुसुसूसाक’, आईच्या सेवेत कधी न चुकणारा. हे शेवटचं मला सगळ्यात आवडतं, कारण लिहवणारी आईच आहे. त्यातलं एकही विशेषण उचलून दुसऱ्या राजाला तसंच चिकटवता येणार नाही. माझी नाइसवरची तक्रार हीच आहे, मुळाबिळाशी मला देणंघेणं नाही.

अंबडचे_अण्णा
लेणीवाले, हे बेस सांगितलंत. माझ्याही मनात हेच होतं, मला मूर्खाच्या अंगाने मांडायला नको होतं इतकंच.

शब्दवेडी
लेणीवाल्यांची तक्रार इंग्रजांनीही करून झाली आहे. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थॅंगर ॲबी’त, म्हणजे ती वारल्यावर १८१७ च्या अखेरीस आलेल्या कादंबरीत, नायक नायिकेची याच शब्दावरून खेचतो. दिवस नाइस, फेरफटका नाइस, तुम्ही दोघी मुलीही नाइस, काय सोयीचा शब्द आहे, सगळ्याला चालतो, असं म्हणतो. पुढे तो पांडित्य दाखवतो की मुळात हा शब्द नीटनेटकेपणा, नाजूकपणा, सुसंस्कृतपणा यांसाठीच असावा.

मुळात! मुळात तर तो मूर्ख होता. नायकाला मधलं स्टेशन मूळ वाटलं. ‘मूळ अर्थ’वाल्यांचं नेहमी हेच होतं. भुसावळहून निघालेली गाडी, कोणी मनमाडला चढतो, कोणी नाशिकरोडला, कोणी इगतपुरीला, आणि ज्याला जिथे जागा मिळाली तिथून गाडी सुटली असं तो सांगतो. सोसायटीच्या काकांनी १३०० चं स्टेशन धरलं. त्याच्याही मागे गेलं तर लॅटिनमधला ‘न जाणणारा’ आहे आणि तो मूर्ख नाही, फक्त त्याला माहीत नाही. त्याच्याही मागे भाषापंडित ‘स्कीरे’चं नातं कापणे, वेगळं करणे या अर्थाच्या धातूशी जोडतात, आपला ‘छिद्’ त्याच कुळातला. मग नाइसचा खरा अर्थ काय, न कापणारा?

सातपूरचा_फिटर
न कापणारा म्हणजे आमच्या शॉपमधला टूल बिट. दर सोमवारी नाइस असतो.

गंगापूररोडकर
अपडेट. लेणीवाल्यांची पोस्ट जशीच्या तशी ग्रुपवर टाकली. काकांनी दोन्ही अंगठे दिले. खाली लिहिलं, ‘हे योग्य. विशेषण मोजूनमापून द्यावं.’ मग ताईंच्या फोटोंवर स्वतः प्रतिक्रिया दिली: ‘पाण्याचा मातकट रंग आणि तुषार अचूक टिपलेत. डावीकडचा माणूस कापला असता तर बरं.’ ताईंनी त्यावर ‘थँक्यू काका, तुम्ही फार नाइस आहात’ असं उत्तर दिलंय. हे कुठल्या शतकातलं नाइस आहे ते त्यांनाही सांगता येत नाहीये आणि काकांनाही विचारवत नाहीये.

वकील_नाशिकरोड
धिस इज अ नाइस क्वेश्चन.

कॉलेजरोडची_कार्टी
शब्दवेडी मॅम, एक शेवटचं. ‘प्रीटी’चं पण असलंच काही आहे का? उद्या मैत्रिणीच्या फोटोखाली लिहायचंय, आधीच विचारून घेते.

शब्दवेडी
जुन्या इंग्रजीत लबाड, डावपेची. लिही बिनधास्त, पण ती हा धागा वाचते का ते आधी बघ.

कॉलेजरोडची_कार्टी
वाचते. आणि तिला शोभतंही. लिहिते.